गराजमधली सून

ज्या दिवशी कुश टिपणीसची बॉल टाकायची पाळी असे, त्या दिवशी त्याची बायको गराजमध्ये जाऊन बसे.

त्या रविवारीही ती तिथेच होती. सप्टेंबर लागला तरी अमेरिकेतल्या त्या वाळवंटी चँडलर गावचं ऊन काही हटत नव्हतं. अनया विजेवरच्या गाडीत एसी लावून, पोटावर हात ठेवून बसली होती. पाचवा महिना. मधल्या दारापलीकडे, स्वयंपाकघराला लागूनच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर सासरे चंद्रशेखर, सासूबाई वसुधा आणि मालिनीकाकू असे तिघे बेसबॉलची मॅच बघत होते. मालिनीकाकू म्हणजे सासूबाईंची तीस वर्षांची मैत्रीण. दारातून शब्द नीट कळत नसत, पण सासऱ्यांचं "अरेरे" बरोबर कळे. बराच वेळ ते आलं नव्हतं. आज बरा टाकतोय वाटतं, असं मनात येऊन अनयाला हायसं वाटलं आणि तिला तहान लागली.

तिने दार हळूच ढकललं आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं. त्याच क्षणी टीव्हीतलं सगळं स्टेडियम ओरडलं. समोरच्या बॅटरने कुशचा बॉल थेट प्रेक्षकांत भिरकावला होता. होमरन! सासऱ्यांचं "अरेरे" आलं आणि मागोमाग तिघांच्याही माना स्वयंपाकघराकडे वळल्या.

वसुधाबाई उठून आल्या. चिडल्या वगैरे मुळीच नव्हत्या हो! त्यांनी प्रेमाने गार पाण्याचा ग्लास भरला, अनयाला खांद्याला धरून अलगद दारापर्यंत नेलं आणि ग्लास तिच्या हातात दिला.

"तू कशाला उठलीस बाळा? मला फोन करायचास. मी आणून दिलं असतं ना गराजमध्ये."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर अनयाने उलट उत्तर दिलं असतं. या मायेला काय उत्तर द्यायचं? ती पाणी प्यायली आणि परत गाडीत जाऊन बसली.

आता हे प्रकरण सुरू कुठून झालं ते ऐका. कुश अमेरिकेतच जन्मलेला, वाढलेला. बेसबॉलमधला पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर म्हणा, फक्त त्याची पाळी चार-पाच दिवसांनी एकदा येते. व्यावसायिक बेसबॉलमध्ये मराठी आडनाव चमकलं म्हणून आपल्या लोकांना कोण अभिमान! गेल्या वर्षी जानेवारीत त्याच्या टीमने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला आणि त्याच आठवड्यात त्याचं अनयाशी लग्न झालं. अनया अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, पार्सिपनीत वाढलेली, फार्मसिस्ट, हसतमुख मुलगी. लग्नात जो तो एकच सांगत होता, "सुनेचा पायगुण बघा! लक्ष्मी घेऊन आली!" वसुधाबाईंनी तर भर मांडवात तिची दृष्ट काढली. अनयाला पायगुण हा शब्द धड ठाऊक नव्हता, पण ऐकून गोड वाटलं. तिने हसून मान डोलावली. कुणाला गोड वाटलं नसतं?

या लांबलचक करारांची एक गंमत असते. टीम पैसे मोजते ते खेळाडूने काल काय केलं ते बघून, आणि पदरात पडतात ते त्याचे उद्याचे दिवस. तिशीतल्या माणसाचा खांदा सात वर्षं तसाच राहील याची हमी कोण देणार? पण एकदा सही झाली की सगळ्यांना रोज कालचाच कुश हवा असतो. एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला आणि कालचा कुश काही आलाच नाही. त्याचा बॉल मंदावला. जो बॅटर त्याला टरकून असायचा तो आता आरामात फटके मारू लागला. पहिलं वर्ष गेलं, दुसरंही तसंच चाललं.

मग कारण शोधणं आलं. पहिल्या वर्षीच्याच दिवाळीच्या फराळाला मालिनीकाकू चकली मोडता मोडता म्हणाल्या, "मी मानत नाही हं असलं काही. पण पांढऱ्या पायाची म्हणतात ती असते बरं का एखादी." अनया मागेच उभी होती. तिने घरी येऊन पार्सिपनीला फोन लावला.

"मम्मा, पांढऱ्या पायाची म्हणजे काय गं?"

सीमाताईंनी, म्हणजे अनयाच्या आईने, पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "कोण म्हणालं?"

"आधी अर्थ सांग."

त्यांनी सांगितला. अनयाला वाटलं, आता मम्मा भडकेल, सासूबाईंना फोन करते म्हणेल. मम्मा म्हणाली, "तू जरा मागे मागे राहा बाळा. पुढचा सीझन सुधारला की विसरतील सगळे."

तुम्ही म्हणाल, ही आपल्या लोकांची खोड. छे! तिथल्या गोऱ्यांनीही काही कमी केलं नाही. कुशच्या टीममधला एक बॅटर नशीब बदलेल या भीतीने आठवडाभर एकच मोजे घालतो, त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. टीव्हीवरच्या समालोचकाने एकदा कुशचे लग्नाआधीचे आणि लग्नानंतरचे आकडे शेजारी शेजारी दाखवले आणि खोखो हसला. गंमत म्हणून! दुसऱ्या दिवशी फार्मसीत औषध घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने तिच्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून विचारलं, "तीच का तू?" अनयाने गोळ्या कशा घ्यायच्या ते त्याला समजावून सांगितलं आणि आत जाऊन रडली.

कुशला तिने सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "डोन्ट बी सिली, अनु." तेवढंच. आईला एक शब्द बोलला नाही. आणि जूनमध्ये एका सकाळी, बुटाच्या नाड्या बांधत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "उद्या स्टेडियमला नको येऊस ना. जस्ट धिस वन्स."

त्या दिवसापासून काहीतरी तिच्या मागे लागलं. शिकलेली मुलगी, दिवसभर लोकांना औषधांचे डोस सांगणारी, आणि दारात थबकू लागली. कुठलं पाऊल आधी टाकू? ती आत आली आणि फोनवर वाईट बातमी वाजली, की ती दोन पावलं मागे सरे. आंघोळ करताना ती आपले पाय न्याहाळत राही. साधे पाय, डाव्या घोट्याजवळ सायकलवरून पडल्याची लहानपणीची खूण. हळूहळू तिला ते पाय दुसऱ्याच कुणाचे वाटू लागले. ती झोपली तरी ते घरभर फिरून काही ना काही बिघडवत असतील असं वाटे. मोठं घर, पांढरी शुभ्र फरशी, आणि आपल्याच पावलांचा आवाज ऐकून दचकणारी ती बाई. वाईट वाटतं हो सांगताना.

त्या रविवारी मॅच हरल्यावर वसुधाबाई गराजमध्ये आल्या आणि गाडीत तिच्या शेजारी बसल्या.

"अनया, पहिलं बाळंतपण माहेरी असतं आपल्यात. गणपती झाले की निघ पार्सिपनीला. सीझन संपायच्या आतच निघालीस तर बरं."

"आई, माझे डॉक्टर इथे आहेत."

"तिकडे काय डॉक्टर नाहीत? आणि ऐक." त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला. डोळ्यांत खरंच पाणी होतं. "माझं मन सांगतं, या बाळाच्या पायगुणाने कुशचं सगळं ठीक होईल बघ."

 अनयाने गाडीचा एसी बंद केला. ज्या जीवाने अजून जमिनीला पाय लावला नव्हता, त्याच्या पायांवर बापाचा खांदा लादून झाला होता! आणि उद्या नाहीच ठीक झालं तर? तर या पोरालाही कुणीतरी मायेने पाणी आणून देईल, गराजमध्ये. ती खोलीत गेली आणि बॅग काढून ठेवली. भरता मात्र येईना.

गणपती आले. कुशची संध्याकाळी मॅच होती, पण बॉल टाकायची पाळी नव्हती, म्हणून सकाळीच आरती ठेवली. मखर उंच टेबलावर. घरचे सगळे आणि मालिनीकाकू एवढेच लोक. अनया स्वयंपाकघरात मोदक वाढून घेत होती. बाहेर टाळ्या सुरू झाल्या.

कुशने तबक डाव्या हातात धरलं होतं.

"कुश, उजव्या हाताने बाळा," वसुधाबाई म्हणाल्या.

त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. "अरे, देवापुढे डावा हात? उजवा!" तेव्हा त्याने तबक उजव्या हातात घेतलं आणि वर उचललं. नेमकी त्याच वेळी अनया मोदकांचं ताट घेऊन दारात आली. तिने बघितलं. हात खांद्यापर्यंत आला, तिथेच अडला, कुशचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तबक खाली आदळलं. निरांजन विझलं, तूप फरशीवर पसरलं.

टाळ्या थांबल्या. सगळ्यांचे डोळे तबकावरून उठले आणि वळले कुठे? दाराकडे.

"आली आणि पडलं बघा," मालिनीकाकू पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

अनयाचे पाय उंबऱ्यावर खिळले. क्षणभर तिलाही वाटलं, हो, मीच. मग तिची नजर कुशच्या हातावर गेली. तो डाव्या हाताने बॉल टाकणारा उजवा खांदा दाबत होता, आणि त्या दाबण्यात सवय होती. तिने ताट टेबलावर ठेवलं.

"कुश, हात कधीपासून दुखतोय?"

"नॉट नाऊ, अनु."

"नाऊ. कधीपासून?"

"प्लीज, यार."

चंद्रशेखरांनी चष्मा काढला. "कुश, ती विचारतेय ते सांग."

कुश फरशीवरच्या तुपाकडे बघत राहिला. "लग्नाच्या आधीपासून. आदल्या ऑगस्टपासून."

"म्हणजे सही केलीस तेव्हाही?"

"इंजेक्शन घेत होतो. तपासणीत निभावून गेलं. वाटलं, रेस्ट मिळाली की बरा होईल. मग सात वर्षांचा करार समोर आला. बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं, पार्टी झाली... मग कुणाला सांगणार?"

"आणि सगळे माझ्याबद्दल बोलत होते तेव्हा?"

तो इतका हळू बोलला की वसुधाबाईंना पुढे वाकावं लागलं. "मी बोलू दिलं. जोवर लोक तुझ्याकडे बघत होते तोवर माझ्या हाताकडे कुणी बघत नव्हतं."

 मालिनीकाकू, कुणी सांगितलं नसताना, तुपातली वात शोधू लागल्या.

अनया रडली नाही. ती वसुधाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. "आई, तुम्ही मला गराजमध्ये पाणी आणून देत होतात आणि मी पीत होते. मला खरंच वाटायला लागलं होतं हो, की माझ्यात काहीतरी आहे! मी माझ्याच पायांना घाबरायला लागले. लग्नात तुम्ही माझं कौतुक केलंत ना, तेव्हा मी हसले. तिथेच नाही म्हणायला हवं होतं. मी पार्सिपनीला जाणार नाही. बाळ याच घरात येईल. आणि त्याच्या पायांबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. वाईट नाही आणि चांगलाही नाही."

मग ती कुशकडे वळली. "आज स्टेडियमला गेलास की आधी टीमच्या डॉक्टरांना सांगायचं. तू सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन. मी येते म्हणजे येतेच."

आरती पुन्हा लावली ती चंद्रशेखरांनी. त्या संध्याकाळी कुशने सांगितलं. टीम भडकली, वर्तमानपत्रांनी चिरफाड केली, फसवणूक केली असं काही जण म्हणाले आणि ते अगदीच खोटं नव्हतं. महिन्याअखेर खांद्याचं ऑपरेशन झालं. त्या समालोचकाने त्याचे ते आकडे परत कधी दाखवले नाहीत. माफीही मागितली नाही. कुश आणि अनयाचं सगळं लगेच गोड झालं असंही समजू नका. ती कित्येक दिवस वेगळ्या खोलीत झोपली. आणि दारात थबकायची सवय, ती तर अजूनही पुरती गेलेली नाही. आपण नाही ते भूत माणसाच्या मागे लावतो, आणि नंतर "विसर आता" म्हणून मोकळे होतो.

फेब्रुवारीत बारसं झालं. मुलगी. नाव ठेवलं आन्या. पार्सिपनीहून सीमाताई आल्या होत्या. पाळण्याची गडबड चालली असतानाच कुश दारातून धावत आत आला.

"आई! डॉक्टरांनी बॉल टाकायला परवानगी दिली! आज टाकला, हळू, पण दुखलं नाही!"

एकच आनंद झाला. वसुधाबाईंनी पाळण्यात वाकून नातीची दोन्ही पावलं ओंजळीत धरली, तोंड उजळलं आणि त्या म्हणाल्या, "आहेच मुळी माझ्या सोनीचा पाय..."

आणि थांबल्या. अनया पाळण्यापलीकडे उभी होती. तिने हलता पाळणा हाताने थांबवला आणि सासूबाईंकडे बघितलं. सीमाताईंनी मान खाली घातली. मालिनीकाकूंच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली. त्या एवढ्याशा गप्प क्षणात किती बायका उभ्या होत्या कुणास ठाऊक! ज्यांच्या पायांवर कुणाचं आजारपण, कुणाचं मरण, कुणाचं बुडालेलं दुकान घातलं गेलं, त्या सगळ्या. तुमच्या-आमच्या घरातल्यासुद्धा.

 ती इवलीशी पावलं वसुधाबाईंनी हातात चोळली.

"पाय गार पडलेत गं हिचे," त्या म्हणाल्या. "मोजे आण जरा, अनया."