मुद्दाम करपवलेला पाव

दर मे महिन्यात मी चार दिवस कॅफे हिंडते. लोक देवळं बघतात, मी पाव आणि कॉफी. ओकायामाच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं पुस्तकांवर शिक्के मारले, तेव्हा एवढा शौक माझ्या हक्काचा आहे असं मी समजते.

यंदा ओनोमिची बंदराला उतरले, तर धुकं इतकं खाली आलं होतं की समोरची बेटं पाण्यापासून सुटून वर राहिली होती. पहिला मुक्काम नेहमीप्रमाणे म्हाताऱ्या तोमिएसानच्या कॅफेत. गिऱ्हाइकाचा चेहरा बघून त्या फळीवरचा कप निवडतात. मला दर वेळी निळ्या फुलांचा मिळतो, आज त्यांनी लाल काठाचा काढला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"धीर यावा म्हणून. निशिगोरीसान बेकरी बंद करतायत. महिनाअखेर लेकीकडे निघाले, पार उत्तरेला साप्पोरोला." त्यांनी सावकाश कॉफी ओतली. "यंदा तरी बोलणार आहेस, की परत पाव चावून गुपचूप घरी?"

"मी काय बोलणार?"

"अगं, साठी उलटली तुझी. लाजायचं वय राहिलं का हे?"

मी लाजत नव्हते, घाबरले होते. नऊ वर्षांपूर्वी समोरच्या एका बेटावरच्या त्यांच्या बेकरीत पहिल्यांदा गेले, तेव्हा निशिगोरीसाननी चुकून मला बुडाशी करपलेला पाव दिला. लक्षात येताच ते कमरेत वाकून माफी मागायला लागले. मला ते बघवेना. म्हटलं, "छे हो, मला असाच आवडतो." झालं. आमच्या जपानात एकदा आवडतं म्हटलं की ते जन्माला चिकटतं. पुढच्या वर्षी येण्याआधी मी पोस्टकार्ड टाकलं, तर त्यांनी माझ्यासाठी एक पाव मुद्दाम करपवून ठेवलेला. तेव्हापासून दर वर्षी मी तो कडूजहर पाव "वा, वा" म्हणत गिळते. कारण मी जाते ती त्या माणसासाठी.

बोटीतून बेट दिसलंच नाही, आधी लिंबाच्या फुलांचा वास आला. मग धक्का, मग चढण, मग तीन खुर्च्यांचं ते दुकान.

"या कुवाबातासान. तुमचा तयार आहे," निशिगोरीसान म्हणाले. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं.

मी खिडकीशी बसले. खाली एक बोट आवाज न करता धुक्यात विरघळत होती. रेडिओवर कुणीतरी हळू गात होतं. आपण गप्प राहिलो तर ही दुपार संपणारच नाही, असं मला वाटत राहिलं. पण अर्धी मांडणी रिकामी होती आणि भिंतीशी खोकी बांधून ठेवली होती.

"निशिगोरीसान, मला करपलेला पाव आवडत नाही. कधीच आवडला नाही."

बोलले आणि माझे कान तापले. ते हात पुसत राहिले.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून. काढा प्यायल्यासारखा चेहरा होतो तुमचा."

"आणि तरी इतकी वर्षं हे खायला घातलंत?" मला खरोखरच राग आला.

ते खुर्ची ओढून समोर बसले. असे ते कधीच बसले नव्हते.

"चांगला पाव दिला असता, तर तुम्ही पावासाठी येता असं वाटलं असतं. हा खायला कोण बोटीत बसून येईल? तुम्ही तो संपवायचात, आणि त्यावर माझं वर्ष निघायचं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"मग साप्पोरोला का निघालात?"

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"आता बोलले ना."

ते उठले आणि भट्टीपाशी गेले. तिथून एक सोनेरी पाव आणून त्यांनी तो हातानंच मधोमध तोडला. वाफ वर आली. मी पहिला घास घेतला. इतका सुरेख पाव हा माणूस रोज करत होता, आणि नऊ वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

"लेकीला फोन करतो," ते म्हणाले, आणि दुसरा अर्धा खायला बसले.