दिवाळीपर्यंत मासे दिसले तर

नळी बदलून झाली, पंप बदलून झाला, तरी तळ्यातलं पाणी हिरवंगारच. कुमाररावांचं डोकं फिरायचंच काय ते बाकी होतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दादरची जागा भाड्याने दिली आणि नवीन पनवेलला बंगली बांधली, अंगणात छोटंसं तळं केलं. त्यांच्या पत्नीला, अरुंधतीबाईंना, इथे मुळीच यायचं नव्हतं. मैत्रिणी, भजनी मंडळ, सगळं दादरला. सकाळी तळ्याकाठी चहा, पाण्यात लाल मासे, असं काय काय सांगून कुमाररावांनीच इथे येणं त्यांच्या गळी उतरवलं होतं. तळ्यात मासे होते, पण दिसतील तर शपथ. शेवटी बाईंनी निर्वाणीचं सांगितलं, दिवाळीपर्यंत मासे दिसले तर राहू, नाहीतर परत जाऊ.

म्हणून हा अल्ट्राव्हायोलेट दिवा. तो काळ्या नळकांड्यात बसवायचा, पंपाने तळ्याचं पाणी त्यातून फिरवायचं, की शेवाळाचे कण मरतात. मरतही असावेत. पाणी जरा उजळायचं आणि आठवड्यात पुन्हा हिरवं व्हायचं. कुमारराव दिवा विकणाऱ्या मुंबईच्या दुकानदाराला फोनवर झाडत, वीज गेली की वीजवाल्यांच्या नावाने शंख करत. बोअरचं पाणी, ऊन, शेजाऱ्यांचं बदामाचं झाड, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. सकाळी तणतणतच आंघोळ, तणतणतच पूजा. मग देवाची कालची फुलं आणि पंचामृताचं पाणी तळ्यात सोडून ते हात जोडत, आणि दिवा लागलाय ना, ते वाकून बघत. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, पाण्यातच सोडायचं, हा त्यांच्या आईचा दंडक होता.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा वैतागून त्यांनी जवळच्या आपटा गावातल्या जगनला तळं उपसायला बोलावलं. मासे बादलीत काढले, पाणी उपसलं, तर तळाशी घोट्याइतका काळा, आंबूस चिखल. जगनने ओंजळभर वर काढला. त्यात झेंडूचे देठ होते, तुळशीच्या काड्या होत्या, कुजलेल्या दूर्वा होत्या.

"साहेब, ही समदी देवाची फुलं हायत," तो म्हणाला. "यानंच पानी नासतंय."

कुमाररावांचे कान तापले. साऱ्या जगाला बोल लावला आणि पाणी नासवणारे आपणच. ते वळले, तर अरुंधतीबाई चहा घेऊन पायरीवर उभ्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं समोरच दिसायचं.

"अगं, तू रोज बघत होतीस. एका शब्दाने बोलली नाहीस?"

बाईंनी कप त्यांच्या हातात दिला.

"बोलले असते तर पाणी नितळलं असतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

राग यायला हवा होता. पण कुमारराव नुसते बादलीपाशी वाकले. बादलीतले मासे लालभडक दिसत होते. त्यांनी चहा तसाच कठड्यावर ठेवला, दिव्याचं बटण बंद केलं आणि दादरच्या भाडेकरूला फोन लावायला ते घरात गेले.