गाण्यातली अनवाणी बाई

"ती अनवाणी भवानी कोण, एवढं मला मरायच्या आधी कळलं पाहिजे," असं म्हणत मिंटा मुलिन्स नणंदेच्या मोटारीत बसली आणि तिने धाडकन दार ओढून घेतलं. मांडीवर सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी होती. कुणाच्या घरी भांडायला जायचं तरी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढी रीत ती रागातही पाळत असे.

"मरायला टेकलाय तो माझा भाऊ, वहिनी, तू नाहीस," ओपल म्हणाली. "आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या पाळतीवर मला चारचौघांनी बघितलं तर?"

"बघू देत. आपापल्या नवऱ्याकडे लक्ष देतील."

मिंटाचा स्वभावच संशयी. दुकानातून आणलेले बटाटे ती घरी पुन्हा तोलून बघे. चर्चमध्ये कुणी तिच्या केकची तारीफ केली, तर याला आपल्याकडून काय हवं असेल, या विचारात ती घरी येई. पण हे सगळे आठवड्या-पंधरवड्याचे संशय. एक संशय मात्र तिच्या लग्नाच्या वयाचा होता, पन्नास वर्षांचा, आणि तो एका गाण्यापायी होता.

तिचा नवरा डेल्मस कोळशाच्या खाणीत पाणी उपसायचे पंप सांभाळायचा. अंघोळ करून, जेवून ओसरीवर बसला की त्याच्या मांडीवर बॅन्जो येई. गाणी त्याला ढीगभर येत, पण शेवटी तो एकाच गाण्यावर यायचा. एक माणूस नावेच्या घाटावर रोज संध्याकाळी एका बाईची वाट बघत उभा राहतो. केस पिकतात, नावाडी मरतो, नवा नावाडी येतो, हा आपला उभाच.

नाव येते, नाव जाते, मी थांबतो घाटावर,
बूट हाती, पाय ओले, ती उतरते वाळूवर.

या ओळीशी आला की डेल्मस डोळे मिटायचा. मिंटा आत भांडी घासता घासता खिडकीतून बघायची. मिटलेल्या डोळ्यांपुढे कोण उभी राहते, याबद्दल तिचा पक्का संशय होता: झिल्फा. गाणं तिच्याच बापाने रचलेलं. त्याचं खोऱ्याच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, आणि विशी-बाविशीतला डेल्मस त्या दुकानात खिळे घ्यायच्या निमित्ताने झिल्फाभोवती घुटमळायचा. पुढे झिल्फा लग्न करून ओहायोत गेली आणि डेल्मसने मिंटाशी लग्न केलं. एक हातची गेली म्हणून दुसरी केली, असं मिंटाने मनाशी ठरवून टाकलं होतं. बूट हातात घेऊन येणारी पोरगी कोण असते? घरच्यांना चाहूल लागू नये म्हणून पळून भेटायला येणारी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने त्याला विचारलं होतं, "कोण रे ती अनवाणी भवानी?" तर तो पोट धरधरून हसला. पुन्हा तिने तोंडाने कधी विचारलं नाही.

हे सगळं तिने गिळलंही असतं. पण त्यांच्या चर्चच्या मंडळीचा नियम असा की ज्याला ओढ्यात बाप्तिस्मा घ्यायचा, त्याने वाद्य खुंटीला टांगायचं आणि देवाची नसलेली गाणी सोडायची. मिंटा एकोणिसाव्या वर्षीच मंडळीत गेली होती. डेल्मस पन्नास वर्षं शेवटच्या बाकावर बसला, पण बाप्तिस्म्यासाठी पुढे कधी आला नाही. तंबाखू सोडली, दारू सोडली. ते एक गाणं सोडायची वेळ आली की म्हणायचा, "अजून नाही, मिंटे." आता त्याच्या छातीत खाणीची काळी धूळ गच्च बसली होती आणि पुढचा उन्हाळा तो बघेल असं डॉक्टर म्हणत नव्हता. बाप्तिस्म्याशिवाय असाच गेला तर मेल्यावरही दोघांच्या वाटा वेगळ्या. बायकोशी कायमची ताटातूट चालेल, पण त्या बाईचं गाणं सुटणार नाही, असा मिंटाने त्याचा अर्थ लावला होता आणि तो तिला जाळत होता.

त्यात वसंतात झिल्फा विधवा होऊन परत आली, बापाच्या घरी राहू लागली. डेल्मस दर गुरुवारी छाती तपासायला दवाखान्यात जायचा. तीन गुरुवार त्याचा छोटा ट्रक झिल्फाच्या दारात दिसल्याचं ओपलच्याच तोंडून निसटलं होतं. चौथ्या गुरुवारी, म्हणजे आज, तो दवाखान्यात म्हणून निघाला आणि अर्ध्या तासाने या दोघी निघाल्या.

झिल्फाच्या अंगणात ट्रक नव्हता.

"बघ, उगाच आलो," ओपल म्हणाली.

"मागे लावला असेल. आता शहाणा झालाय."

ती उतरली आणि पायऱ्यांपाशीच थबकली. आतून डेल्मसचा आवाज येत होता. धाप लागलेला, तुटक, पण त्याचाच. "बूट हाती, पाय ओले..." घरी त्याला चार शब्द धड बोलवत नव्हते आणि इथे तो गात होता. मिंटाने दारावर थाप न मारताच दार ढकललं. त्या खोऱ्यात असं कुणी करत नाही.

आत झिल्फा एकटी खुर्चीत बसली होती. हात संधिवाताने वाकडे झालेले. समोरच्या टेबलावर टेपरेकॉर्डर चालू होता.

"ये, मिंटा," ती म्हणाली आणि कशीबशी बटण दाबून टेप बंद केली. "मला वाटलं, पहिल्याच गुरुवारी येशील."

मिंटाने बरणी टेबलावर ठेवली. "तो कुठाय?"

"दवाखान्यात. आज खरंच गेलाय. पलंगाखाली बघायचं असेल तर बघ, पण मला वाकता येत नाही, तुझं तुलाच वाकावं लागेल."

मिंटाने पलंगाखाली बघितलं नाही, पण एकदा तिकडे नजर टाकलीच. मग झिल्फाने सांगितलं ते असं. डेल्मस येत्या रविवारी बाप्तिस्मा घेणार होता. एकदा ओढ्यातून बाहेर आला की गाणं बंद, आणि गाणं मूळचं झिल्फाच्या बापाचं, म्हणून ते ज्याचं त्याला परत करून जावं, असं त्याने मनात घेतलं होतं. छाती अशी की एका दिवसात टेपवर एकच कडवं निघे. तीन गुरुवार, तीन कडवी.

"म्हणजे तुझंच गाणं तुला आणून दिलं," मिंटा म्हणाली. आवाज कोरडा होता.

"माझं?" झिल्फा हसली. "आमच्या बाबांच्या गाण्यातली बाई रेशमी छत्री घेऊन नावेतून उतरते. छत्री हाती, झगा निळा. दुकानदाराची मुलगी होते मी, अनवाणी कशाला चालेन? मी त्याला म्हटलं, अरे, छत्रीचे बूट कधी झाले? तर म्हणाला, मिंटीला चर्चमागे बूट घालताना बघितलं त्या दिवशी."

मिंटा खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. तिच्या माहेरी पाच बहिणींत बुटांचे दोनच जोड होते. ज्या रविवारी एक जोड तिच्या वाट्याला येई, त्या रविवारी ती बूट झिजू नयेत म्हणून हातात घेऊन तीन मैल चालायची, ओढा उतरायची, आणि चर्चच्या मागे झाडाआड बसून ओले पाय झग्याला पुसून ते चढवायची. त्या गरिबीची तिला फार लाज वाटे. हे कुणीही कधी पाहिलेलं नाही, एवढ्या एका गोष्टीबद्दल तिला आयुष्यात कधी शंका आली नव्हती.

"टेप लावू?" झिल्फाने विचारलं.

"नको. मी मंडळीतली आहे," मिंटा म्हणाली आणि बाहेर येऊन मोटारीत बसली. "घरी चल," तिने ओपलला सांगितलं.

संध्याकाळी डेल्मस धापा टाकत आला. तिने त्याला मक्याचा पाव आणि ताक दिलं आणि समोर बसली.

"झिल्फाकडे जाऊन आले."

"वाटलंच."

"पन्नास वर्षांत तोंड उघडून सांगता येत नव्हतं?"

"तू विचारलंस, कोण ती अनवाणी भवानी. मला वाटलं, थट्टा करतेस," डेल्मस म्हणाला. मग बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. "तुला ठाऊक नव्हतं, मिंटे?"

तिला रडू आलं आणि रागही आला. पन्नास वर्षं आपण आपलाच मत्सर केला, हे कुणाला सांगण्याजोगंही नव्हतं. मग तिने अशी गोष्ट म्हटली, जी ती कधी म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं. म्हणाली, "नको घेऊ बाप्तिस्मा. गा तू."

"नाही," तो म्हणाला. "गाणं इथल्यापुरतं. तिकडे तू येशील, तेव्हा मला घाटावर असलं पाहिजे."

रविवारी दोघा माणसांनी त्याला दंडाला धरून ओढ्यात नेलं, पाठीवर आडवा करून पाण्याखाली घातला आणि वर काढला. मिंटा काठावर घोंगडी घेऊन उभी होती. पन्नास वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, आणि घरी आल्यावर ओसरी इतकी गप्प होती की तिने जेवणाची भांडी मुद्दाम आपटली. डेल्मस शब्दाचा पक्का. पुन्हा त्याने शीळसुद्धा घातली नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो उशांना टेकून पडला होता, नाकात नळी. त्याची बोटं गोधडीवर ताल धरत होती. मिंटाने ते ओळखलं. तिने आयुष्यात देवाच्या स्तोत्रांखेरीज काही म्हटलं नव्हतं, म्हणून गाणंही तिने स्तोत्रासारखंच म्हटलं, संथ, एकेक शब्द ओढत. सगळे शब्द तिला पाठ होते. बुटांची ओळ आली तेव्हा डेल्मसने डोळे उघडले आणि तो तिच्याकडे बघत राहिला. दोन दिवसांनी तो गेला.

दर महिन्याच्या एका शनिवारी मंडळी आपसातल्या गोष्टी मिटवायला बसते. कुणी चुकलं असेल तर त्याने उठून सांगायचं, मंडळी माफ करते. मार्चच्या शनिवारी मिंटा बायकांच्या बाजूने उठली.

"मी घरात गाणं म्हटलं. देवाचं नाही. तिन्ही कडवी."

एल्झीभाऊ मंडळीचे प्रमुख होते, मऊ मनाचे. म्हणाले, "मिंटाताई, दुःखात होतं असं. पश्चात्ताप झालाय एवढं म्हणा, पुरे आहे."

"नियम मोडला त्याची माफी मागते," मिंटा म्हणाली. "म्हटलं त्याचा पश्चात्ताप नाही."

बाकं करकरली. असं उत्तर तिथे कुणी देत नसे, आणि दिलं तर मंडळीतून नावही जाऊ शकत होतं. एल्झीभाऊंनी चष्मा काढून पुसला. त्यांना या म्हातारीला वाचवायचं होतं, पण कसं, ते सुचत नव्हतं.

"कुठलं गाणं?"

"घाटावरचं."

"डेल्मसचं? ते झिल्फावर केलेलं ना?" त्यांनी सहज विचारलं, कारण सगळं खोरं आजवर तेच समजत आलं होतं.

"नाही," मिंटा म्हणाली. "ते माझ्यावर आहे."

आणि मंडळी काय ठरवते ते ऐकायला ती तशीच उभी राहिली.