सेहेचाळीसावा आठवडा

हॉलच्या टोकाला एक पितळी घंटा टांगलेली होती. कुठल्याही टेबलावर कुणी सही केली की टाय बांधलेली पोरं धावत जाऊन ती घंटा वाजवत, आणि ओळख ना पाळख, सगळा हॉल टाळ्या पिटत असे. पुन्हा घंटा झाली तशी ठमीनं कानांवर हात दाबले आणि ती आईच्या कुशीत शिरली. आईनं तिच्या भुवईवरच्या व्रणावरून अंगठा फिरवला. गेल्या वर्षापासून तिला ही सवयच जडली होती. व्रण जागेवर आहे की नाही ते बघायचं, जणू तो गेला तर पोरही जाईल.

"मॅडम, मग ठरलं का? डोंगर, समुद्र की तळं?" समोरच्या टायवाल्यानं विचारलं. त्यानं त्यांना तिन्ही ठिकाणांच्या फिल्म दाखवल्या होत्या. तिन्हींत तेच एक कुटुंब हसत हसत बॅगा ओढत होतं. एकदा पैसे भरायचे आणि पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा, तिथली खोली आपली. फुकट बॅग मिळते म्हणून आलेली माणसं एव्हाना भीक नको पण कुत्रं आवर अशा तोंडानं बसली होती. ठमीचा बाबा मात्र पुढे सरकून, लक्ष देऊन ऐकत होता. त्याचंच ठमीच्या आईला नवल वाटत होतं. घरचा पंखा घ्यायचा तर हा माणूस सहा महिने चौकशा करायचा.

"डोंगरावरच्या गॅलरीला आडवे गज आहेत," ती म्हणाली. "पोरं शिडीसारखी चढतात त्यावर."

"बरं, मग समुद्र?"

"खोलीतून उठलं की थेट पाणी. कुणी लक्ष ठेवायला असतं का तिथं? सहानंतर?"

टायवाल्यानं कागद उलटेपालटे केले. "तळ्याला कुंपण आहे मॅडम. फाटकाला वर कडी आहे."

"दवाखाना किती लांब?"

"अगं, तुला रिसॉर्ट हवंय की हॉस्पिटल?" नवरा म्हणाला, आणि टायवाला नको तितका हसला. तीही हसली. आपण घाबरट आहोत हे तिला ठाऊक होतं. रात्री दोनदा उठून गॅसचं बटण चाचपणारी, बसमध्ये दारापासून तिसऱ्या रांगेत बसणारी. पण गेल्या वर्षीपर्यंत तिच्या भित्रेपणाला घरात सगळे हसत, आणि गेल्या वर्षीपासून कुणी फारसं हसत नव्हतं.

"तळंच घेऊ," नवरा म्हणाला.

सासूबाई उठल्या. त्यांना हॉलमध्ये मांडलेली नमुन्याची खोली बघायची होती. खोली कसली, तीन भिंती आणि चौथीकडे दोरी. "चल गं ठमे, आपण आपला बंगला बघून येऊ," म्हणत त्यांनी नातीचा हात धरला. उठताना त्या क्षणभर टेबलाला धरून थांबल्या. हल्ली उठताना त्यांना भोवळ यायची. सुनेनं हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "मी काय पडते की काय? पडले तरी गालिचा आहे."

त्या दूर जाईपर्यंत नवरा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आता आठवडा," टायवाला म्हणाला. "आमच्याकडे तारखा नसतात सर, वर्षाचे बावन्न आठवडे असतात. एकदा जो घेतला तो कायमचा तुमचा." त्यानं रंगीत तक्ता उलगडला. लाल चौकोन सुट्ट्यांचे, निळे कुणालाच नको असलेले.

नवऱ्यानं तक्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सेहेचाळीसावा."

"सर, तो निळा आहे. तेव्हा पोहण्याचा तलाव रिकामा करतात. तळ्यावर दिवसभर धुकं असतं. मुलीची शाळा..."

"स्वस्त पडेल ना? मग झालं. शाळा बघू आम्ही."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पेनाचं टोपण काढत होता आणि घालत होता. हा आकडा तिच्या ओळखीचा होता. तो दरवर्षी नवऱ्याच्या फोनवर यायचा, तोडक्या शब्दांत, एकाच ओळीत: सेहेचाळीसाव्यात येतोय. बाकी वर्षभर त्या नंबरावरून काही येत नसे.

मोठे भाऊजी जहाजाच्या इंजिनखोलीत कामाला होते. घरात त्यांना सगळे कप्तान म्हणत, आणि कप्तानाला आपल्या बोटीवर सूर्य दिसत नाही अशी थट्टा करत. बोट वर्षातून एकदा दुरुस्तीला गोदीत लागायची, त्याच आठवड्यात त्यांना रजा मिळायची. रजेतले पहिले दोन दिवस ते देवमाणूस असत. घरातला प्रत्येक गळका नळ, कुरकुरणारं दार दुरुस्त करत, आईच्या पायाशी बसून बोटीवरच्या गमती सांगत. तिसऱ्या दिवसापासून बाटली. गेल्या वर्षी तिसऱ्याच दिवशी ते ठमीला "चक्कर मारून आणतो" म्हणून गाडीतून घेऊन गेले. एका दारूच्या दुकानाबाहेर, भर उन्हात, काचा वर करून गाडी उभी करून आत गेले, आणि विसरले. समोरच्या सायकलवाल्यानं पान्यानं काच फोडली म्हणून पोर वाचली. काचेचा तुकडा भुवईवर बसला.

"मुद्दाम केलं का त्यानं?" सासूबाई तेव्हा रडत म्हणाल्या होत्या. भाऊजी रजा संपायच्या आत, कुणाला न सांगता निघून गेले. त्यानंतर घरात त्यांचं नाव फक्त सासूबाई काढत. कप्तानाला असली उशी आवडते, कप्तान आला की हा पाट नीट करेल.

तर हे असं होतं. नाही म्हणायचं नाही, भांडायचं नाही. दरवर्षी त्या आठवड्यात सगळ्यांनी तळ्याकाठी जायचं, आईलाही हवापालट म्हणून न्यायचं, आणि कप्तानानं यायचं ते कुलूप लावलेल्या दारापाशी. एकदा येईल, दोनदा येईल, मग यायचा बंद होईल. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

आणि म्हातारीला लेक पुन्हा दिसणार नव्हता.

तिनं तोंड उघडलं. एक वाक्य पुरे होतं, अरे, हा आठवडा नको. ते जिभेवर आलंही. मग तिला गाडीची ती काच आठवली. आतून तिच्यावर उमटलेले लहान पंजे. सायकलवाल्यानं ते दाखवले होते, फुटलेल्या काचेच्या उरलेल्या भागावर. तिनं तोंड मिटलं आणि नवऱ्यानं पुढे केलेलं पेन हातात घेतलं. दोघांच्या सह्या लागतात, असं टायवाला सांगत होता.

"अगं सूनबाई!" सासूबाई लगबगीनं आल्या. गाल लाल झाले होते. "तो सोफा उघडतो! आतून आख्खा पलंग निघतो. मी आडवी होऊन बघितलं, ही पोरं हसली तर हसू देत. कप्तान मावेल गं त्यात. पाय येतील जरा बाहेर, पण बोटीवरच्या फळीपेक्षा बरं. सोफ्याचीच खोली घ्या."

"आजी, खिडकी उघडतच नाही," ठमी कुरकुरली. "खोटी आहे. मागे नुसता दिवा आहे."

"खऱ्या खोलीतली उघडते हं बेटा," टायवाला म्हणाला. मग त्याला आजींचा आधार घ्यावासा वाटला असावा. "आजी, तुम्हीच सांगा सरांना. इतके छान आठवडे मोकळे असताना नोव्हेंबरातला मधला मागतायत. तेव्हा तिथं चिटपाखरू नसतं."

सासूबाई बसता बसता थांबल्या.

"मधला म्हणजे? वेडा झालास का रे?" त्या हसूनच म्हणाल्या. "तो कप्तानाचा आठवडा."

पेनाचं टोपण टेबलावरून घरंगळलं. कुणी उचललं नाही. सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं, मग रंगीत तक्त्याकडे, मग परत लेकाकडे. त्यांचं हसू जागच्या जागी विरून गेलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" त्या हळू म्हणाल्या. "सरळ सांगायचंस."

"आई, दादाला कळवू ना आपण. दुसऱ्या कधी ये म्हणून."

"बोट काय त्याच्या बापाची आहे? त्याला तेवढाच एक आठवडा मिळतो."

"मग आम्हालाही तेवढाच मिळतोय."

टायवाला पाणी आणायला म्हणून उठला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी बर्फाच्छादित शिखरांची फिल्म बघत होतं, त्यातलं संगीत ऐकू येत राहिलं. सासूबाई सुनेकडे वळल्या. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"तुझं काय म्हणणं आहे?"

वर्षभर तिनं याची उत्तरं जुळवून ठेवली होती, स्वयंपाक करताना, आंघोळीत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. चांगली, न्यायाची, कुणाला न दुखवणारी. ती सगळी बाजूला राहिली.

"ठमीला अजून दिव्याशिवाय झोप लागत नाही, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली. एकदा, आणि जरा थांबून आणखी एकदा. मग त्यांनी ठमीला जवळ ओढलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि व्रणाकडे नीट बघितलं. त्याकडे त्या इतके दिवस टक लावून बघत नसत, हे सुनेला तेव्हा कळलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "हाच घ्या. पण सोफ्याची खोली नको, उगीच पैसे जातील. तिघांपुरती लहान बघा."

"तिघं? आणि तू?" नवऱ्यानं विचारलं.

"मी घरी. दार उघडायला कुणीतरी हवं की नको?"

"आई, एकटी त्याच्याबरोबर..."

"माझाच आहे तो. तुझ्यासारखाच." आणि मग नेहमीच्या आवाजात, "ठमे, आपला बंगला गेला गं. तुझ्या बापानं विकला."

ठमीला ती गंमत वाटली. ती खिदळली.

नवऱ्यानं सही केली. मग कागद तिच्यापुढे आला. आपण थांबू शकतो, हे तिला स्पष्ट कळत होतं. उठू शकतो, घरी जाऊन बोलू शकतो, दुसरा काही मार्ग काढू शकतो. कळणं एकीकडे राहिलं आणि हात सही करून मोकळा झाला. तिचं अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं.

घंटा वाजली. हॉलनं टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतायत म्हणून सासूबाईंनीही वाजवल्या.

बाहेर पडताना फुकटची बॅग मिळाली. निळी, चाकांची, आत कागदाचे बोळे भरलेली. नवरा पुढे होऊन गाडी आणायला गेला. सासूबाईंनी बॅगेची चेन उघडून बघितली, बंद केली, पुन्हा उघडली.

"ही मी ठेवते," त्या म्हणाल्या. "त्याची पार फाटलीय. तीन वर्षं सुतळी बांधून आणतोय."

"ठेवा ना, आई."

पायऱ्यांवर त्यांना भोवळ आली. या वेळी त्यांनी सुनेचा हात बाजूला सारला नाही. धरून उभ्या राहिल्या. त्यांचा हात तिला फार हलका लागला, आणि तिच्या डोक्यात एकामागून एक सगळं सुरू झालं. रात्री गॅस कोण बघणार. न्हाणीघरात पाय घसरला तर. तिसऱ्या दिवशी भाऊजींचा आवाज चढला तर भिंतीपलीकडे ऐकू जाईल का. इतके दिवस एकच जागा राखायची होती, आता दोन झाल्या, आणि दोन्हींकडे एका वेळी तिला असता येणार नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "त्या आठवड्यात शेजारच्या काकूंना सांगून ठेवू का? येता-जाता..."

"काय सांगणार?" सासूबाई समोर बघतच बोलल्या. "माझा मुलगा घरी येतोय, लक्ष ठेवा, असं?"

गाडी आली. सासूबाई मागे बसल्या आणि त्यांनी रिकामी बॅग मांडीवर घेतली. डिकीत ठेवू का, म्हणून नवऱ्यानं दोनदा विचारलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. ठमीनं खिडकीचं बटण दाबून बघितलं, काच सरसर खाली गेली.

"ही खरी आहे," ती म्हणाली.

"उघडीच ठेव," तिची आई म्हणाली.