आई तीच आहे का?

ऑफिसात त्या दोघींना सगळे 'जावा' म्हणत, आणि त्या प्रोग्राम लिहीत मात्र सी भाषेत. थोरली टीमची प्रमुख, धाकटी तिच्या दिराची बायको. काम कर्नेलचं, म्हणजे कोणती प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, जिवंत, कोणी कोणाला जन्म दिला, कोण कोणाचं मूल, हे सांभाळणाऱ्या मशीनच्या गाभ्याचं. ही माहिती सगळ्यांची सामायिक, म्हणून तिला हात लावायचा तर आधी लॉक घ्यायचं, ते सुटेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. थोरलीने फार पूर्वी सगळ्यांना मिळून एकच लॉक घातलं होतं. आता मशीनला सोळा कोअर, म्हणजे एकाच वेळी राबणारे सोळा मेंदू, आले आणि एकाने लॉक घेतलं की पंधरा जण रांगेत जांभया देऊ लागले. मशीन जायचं होतं रुग्णालयात, खाटांजवळचे अलार्म वाजवायला. तिथे अलार्मला जांभई देऊन चालत नाही.

धाकटीने वर्षभर खपून प्रत्येक प्रोसेसला स्वतःचं लॉक दिलं. अलार्म वेळेवर वाजू लागले, फक्त मधूनच मशीन ठप्प व्हायचं. हळू चाललेलं एक वेळ चालेल, पण बंद पडलेलं नाही, असं थोरलीचं म्हणणं. आज संध्याकाळी काय ते ठरणार होतं. ठप्प होणं थांबलं नाही तर धाकटीचं वर्ष पाण्यात.

दुपारी तिला चोर सापडला. संपायला आलेलं मूल स्वतःचं लॉक धरून आईचं मागत होतं आणि त्याच क्षणी आई स्वतःचं धरून मुलाचं मागत होती. दोघंही हट्टाला पेटलेली, सोडणार कोण? तिने नियम घातला: आधी आईचं, मग मुलाचं. मुलाने स्वतःचं आधीच धरलं असेल तर ते सोडायचं आणि ओळीने पुन्हा घ्यायचं. चाचणी सुरू झाली तशी तिला बसवेना. ती खुर्चीभोवतीच येरझाऱ्या घालू लागली.

मशीन ठप्प झालं नाही, सरळ कोसळलं. धाकटी मटकन खुर्चीत बसली. थोरली शेजारी येऊन बसली, तेव्हा आता ही सुनावणार असंच तिला वाटलं. थोरलीने चष्मा कपाळावर ढकलला.

"मूल आपलं लॉक सोडून आईच्या लॉकसाठी थांबलं. तेवढ्यात आईच गेली तर?"

आई संपली की कर्नेल मुलाला दुसरीकडे दत्तक देतो. धाकटीने कपाळावर हात मारला.

"म्हणजे मेलेल्या आईचं लॉक धरायला गेलो आपण, जाऊबाई."

"मग विचार की पुन्हा. लॉक मिळालं की आधी बघायचं, आई तीच आहे का."

धाकटी आनंदाने भराभर टाइप करू लागली. जुन्या आईची मेमरीतली जागा तोवर कोणाला द्यायची नाही, आणि आई बदललेली दिसली तर दोन्ही लॉकं सोडून पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा चाचणी लावली. थोरलीने मशीनवर हजारो प्रोसेस सोडल्या, मारल्या, अनाथ केल्या. आजूबाजूचे लोक हातातलं काम टाकून मागे येऊन उभे राहिले. मशीन धावत राहिलं. सोळाही कोअर कामाला लागलेले बघून धाकटी चक्क हसत सुटली.

थोरलीने आपल्या जुन्या लॉकची फाइल उघडली आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

"पूस."

धाकटीचा हात पुढे होईना. इतकी वर्षं सगळं याच्यावरच चाललं, असं ती पुटपुटली.

"अगं, ते घातलं तेव्हा मशीनला कोअर एकच होता आणि या खोलीत मी एकटी. भांडायला तू कुठे होतीस?"

धाकटीने आधी डोळे पुसले, मग लॉक.