लिंबाच्या वासाचा बर्फ

त्या डिसेंबरात बहरीनमध्ये जेवढा बर्फ पडला, तेवढा उत्तर ध्रुवावरसुद्धा पडला नसेल. आता बहरीनचा डिसेंबर तो काय! दुपारी एसी बंद ठेवला तरी चालतो, एवढीच थंडी. लोक स्वेटर घालतात, पण ते विकत घेतलंय म्हणून. यंदा मात्र कुणाच्या तरी डोक्यात बर्फाचं खूळ शिरलं आणि त्याची साथच आली. मॉलमध्ये कागदाचा बर्फ पडला. सुपरमार्केटात थर्माकोलचा पडला आणि पुढे कित्येक दिवस पालकाच्या जुड्यांत सापडत राहिला. माहूजच्या एका हॉटेलात फेसाचा बर्फ पाडला, तर त्यावरून सांताक्लॉज घसरला तो थेट बुफेच्या टेबलाखाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे.

फक्त गुदैबियातल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, हिल्डा डाबरेच्या खिडकीबाहेर काही पडलं नाही. आणि अख्ख्या बेटावर बर्फाची खरी हौस कुणाला असेल, तर ती तिलाच.

हिल्डा नर्स. तिचा नवरा ह्युबर्ट सित्रात एका प्लांटवर मेंटेनन्सला. दोघं वसईची, लग्न झाल्या झाल्या इकडे आलेली, त्याला चोवीस वर्षं झाली. दर नाताळला घरात येशूबाळाचा गोठा मांडला की हिल्डा त्यावर कापूस पसरायची. गाईवर कापूस, मेंढपाळावर कापूस, उंटावर तर असा की तो बिचारा दाढी करायला बसलाय असं वाटावं.

"अगं, बेथलेहेमात कुठे बर्फ पडतो?" ह्युबर्ट दरवर्षी विचारायचा.

"तू होतास का तिथं?" हिल्डा दरवर्षी म्हणायची.

खरा बर्फ बघायला म्हणून दोनदा शिमल्याची तिकिटं काढली. एकदा भाचीचं लग्न निघालं, एकदा ह्युबर्टच्या प्लांटचं शटडाउन. "पुढच्या वर्षी नक्की," असं म्हणायची ह्युबर्टला इतकी सवय झाली होती, की त्याला स्वतःलासुद्धा ते खरं वाटायचं.

यंदा जूनमध्ये हिल्डाच्या पोटात दुखायला लागलं. डिसेंबरपर्यंत ते दुखणं हाडांत पोचलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी घेऊन जा. घरी म्हणजे वसईला. सव्वीस तारखेची तिकिटं काढली. जायची दोन, यायचं एक. बुकिंग हिल्डानंच केलं, पलंगावर बसून, मोबाइलवर.

"माझं रिटर्न कशाला?" ती म्हणाली. "कॅन्सल करायला तुलाच ताप."

ह्युबर्ट तेव्हा पाणी आणायला म्हणून आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

यंदा गोठ्यावर कापूस नव्हता. घरातला कापूस दुसऱ्या कामाला लागत होता. आणि गेले तीन दिवस, तीन रात्री हिल्डाचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. गोळ्या झाल्या, दंडावर लावायचा औषधाचा पॅच झाला, कूस बदलून झाली. पडल्या पडल्या ती भिंतीकडे बघत राहायची आणि ह्युबर्ट तिच्याकडे.

तेवीस तारखेला तिनं मोबाइलवर त्या हॉटेलातला, सांताक्लॉज घसरतानाचा व्हिडिओ पाहिला. हसली, मग कळ आली म्हणून थांबली. म्हणाली, "ह्युबर्ट, सगळ्या बहरीनला बर्फ मिळाला रे. साबणाचा का होईना."

झालं. ह्युबर्ट उठलाच.

वसईकर मंडळानं पंचवीस तारखेच्या पार्टीसाठी बर्फाचं मशीन भाड्यानं आणलं होतं. मंडळाचा सेक्रेटरी अँड्र्यू लोपीस. या माणसाला माइक मिळाला की जेवण थंड होतं.

"टेस्टिंगला पाहिजे मशीन," ह्युबर्ट त्याला म्हणाला. "उद्या एक दिवस."

"टेस्टिंग काय? बटण दाबलं की पडतो बर्फ."

"प्लांटवर पण सगळे असंच म्हणतात. मग मला बोलावतात."

अँड्र्यूनं मशीन दिलं. वर दहा मिनिटं सूचना दिल्या. आणि बर्फाच्या लिक्विडचा कॅन आपल्या गाडीच्या डिकीतच ठेवून तो केकची ऑर्डर द्यायला निघून गेला.

चोवीसला दुपारी ह्युबर्टनं हिल्डाचा पलंग खिडकीला लावला.

"चार वाजता बाहेर बघायचं," तो म्हणाला. "सरप्राइज आहे."

"काय, तू नाचणार आहेस?"

"बघ तर खरं. जागी राहा."

"आणि करतेय काय मी तीन दिवस?" हिल्डा म्हणाली.

गच्चीवर जयेश वाट बघत होता. जयेश कुलकर्णी, वरच्या मजल्यावरचा, पुण्याचा, बँकेत अकाउंटंट. हातोडीसुद्धा त्यानं आयुष्यात दोन्ही हातांनी धरलेली, पण हिल्डावहिनीनं त्याच्या मुलीचा ताप रात्र रात्र बसून उतरवला होता. मशीन कठड्याला दोरीनं बांधून झालं, वायर जोडून झाली, आणि तेव्हा दोघांच्या लक्षात आलं की टाकीत घालायला काही नाही. अँड्र्यूला फोन लावला. उचलला नाही. माइकशिवाय तो बोलत नसावा.

"दादा, यात असतं काय? साबणच ना?" जयेश म्हणाला, आणि खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, भांडी घासायच्या लिक्विडच्या सहा बाटल्या घेऊन आला. लिंबाच्या वासाच्या. "घरातली पण आणा. कमी नको पडायला."

ह्युबर्टनं घरातली बाटलीही आणून ओतली. बटण दाबलं. मशीननं घसा खाकरला आणि पहिला बर्फ टाकला. तो इडलीएवढा होता. गल्लीत उभ्या असलेल्या पिकअपच्या काचेवर तो 'पच्' करून बसला. दुसरा मांजरावर पडला. मांजर जे पळालं ते नंतर नवीन वर्षातच दिसलं. तिसरा पडला तळमजल्यावरच्या अकीलाआपाच्या वाळत घातलेल्या काळ्या अबायावर. अकीलाआपा हैदराबादची, शिवणकाम करते, आणि तिचा आवाज सुईसारखा थेट आत जातो.

"अरे कौन है ऊपर? ये क्या गिरा रे तुम लोगां?"

"बर्फ, आपा!" जयेश वाकून ओरडला.

"बरफ? इसमें तो बर्तन की बास आ री!"

"पाणी घाल," ह्युबर्ट म्हणाला. "घट्ट झालंय."

जयेशनं पाणी घातलं. जास्त झालं. आता मशीनमधून सरळ धारच लागली. मग ह्युबर्टनं पुढची जाळी काढली, खिशातल्या स्क्रूड्रायव्हरनं पंख्याचा कोन फिरवला, टाकीत अर्धी बाटली आणखी ओतली. मोटर कण्हत होती. चार वाजून गेले होते. सव्वाचार. ह्युबर्टच्या चष्म्यावर फेस, मिशीवर फेस, तोंडातून वसईच्या खास शिव्या, आणि नाताळ म्हणून प्रत्येक शिवीनंतर क्रूसाची खूण.

आणि अचानक बर्फ पडायला लागला.

इडल्या नाहीत, धार नाही. हलका, बारीक, पांढरा. वाऱ्यावर जरा तरंगायचा, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी थबकल्यासारखा व्हायचा आणि सावकाश खाली उतरायचा. गल्लीतली पोरं बाहेर धावली. कोल्ड स्टोअरवाला सिगारेटचं पाकीट देता देता तसाच उभा राहिला.

"दादा, पळा!" जयेश ओरडला. "मी मशीन धरतो. वहिनींना दाखवा!"

ह्युबर्ट जिना उतरला तो चार-चार पायऱ्या घेत. छप्पन्न वर्षांचा माणूस. दारात चप्पल एकीकडे, दुसरी दुसरीकडे. "हिल्डा!" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

हिल्डा झोपली होती.

डोळे मिटलेले, ओठ जरासे उघडे. कपाळावरची ती आठी, जी ऑक्टोबरपासून गेली नव्हती, ती गेली होती. एक हात खिडकीकडे टाकलेला. चारची वाट बघता बघताच लागली असणार.

खिडकीबाहेर, हातभर अंतरावर, बर्फ पडत होता.

ह्युबर्ट तिच्या खांद्यापर्यंत हात घेऊन गेला. फक्त हलवायचं होतं. एक मिनिट बघेल, मग झोपेल परत. झोपेल? तीन रात्री लागली नाही, ती झोप एक मिनिटानंतर परत येईल? आणि मशीन? त्या मोटरचा आवाज त्यानं ऐकला होता. आयुष्यभर मोटरींचे आवाज ऐकलेला माणूस. ही पाच-दहा मिनिटांची सोबती होती. आता नाही तर नाहीच.

आणि त्याला हिल्डाचाच आवाज ऐकू आला. वॉर्डातला. एकदा मोठे डॉक्टर राउंडला आले, मागे डझनभर शिकाऊ, आणि हिल्डा दारात आडवी उभी राहिली होती. "दुखणाऱ्या पेशंटला झोप लागली की देव आला तरी उठवायचं नाही. तुम्ही चहा घेऊन या." आणि डॉक्टर खरंच चहा प्यायला गेले होते. हा किस्सा ती दरवर्षी सांगायची.

ह्युबर्टनं हात मागे घेतला.

एवढ्यात ऊन खाली उतरलं आणि तिच्या पापण्यांवर पडलं. पापण्या हलल्या. ह्युबर्टनं घाईघाईनं पुढे होऊन पडदा ओढला. स्वतःच्या हातानं.

खाली पोरांचा गलका वाढला होता. त्यानं पडद्याच्या फटीतून डोकं बाहेर काढलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपेची खूण केली. अकीलाआपानं वर पाहिलं. तिला कळलं. तिनं एका कारट्याचा कान धरला, बाकीच्यांना डोळे वटारले, आणि सुईसारखा आवाज पहिल्यांदाच कापसात गुंडाळून म्हणाली, "चुप. सब चुप. हिल्डा सिस्टर सो री."

मग ती गल्ली गप्प झाली, पण नाच थांबला नाही. पोरं तोंडावर हात धरून नाचत होती, घसरत होती, पडली की आवाज न करता हसत होती. पिकअपवाला आपली काच पुसायची सोडून तळहात पसरून उभा होता. गुदैबियात एवढी शांतता कधी कुणी ऐकली नव्हती.

आत ह्युबर्ट स्टुलावर बसला. पडद्यावर बर्फाच्या सावल्या पडत होत्या. एक सावली हिल्डाच्या गालावरून गेली, उशीवर उतरली, नाहीशी झाली. मग दुसरी. तो मोजत नव्हता. नुसता बघत होता.

थोड्या वेळानं वरून जळक्या वायरीचा वास आला, मोटरनं एक आचका दिला आणि सावल्या थांबल्या.

दारात जयेश आला. डोक्यापासून पायापर्यंत फेस. "गेलं मशीन," तो कुजबुजला. "अँड्र्यूला काय सांगायचं? पण ते जाऊ दे. वहिनींनी बघितला ना?"

ह्युबर्टनं नुसतं पलंगाकडे बोट केलं. जयेशनं पाहिलं. त्याच्या हनुवटीवरून फेसाचा एक थेंब गळला. दार हळूच ओढून घेऊन तो निघून गेला.

हिल्डा जागी झाली तेव्हा अंधारून आलं होतं.

"किती वाजले रे?"

"साडेपाच."

"म्हणजे मी झोपले होते?" तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. "दीड तास? ह्युबर्ट, दीड तास झोपले मी!"

"घोरत होतीस."

"चल, खोटारडा!" ती उशीवर जराशी सरकली, आणि तिनं नाक वर केलं. "लिंबाचा वास येतोय. भांडी घासलीस तू?"

ह्युबर्टनं शर्टाची फेसाळ बाही पाठीमागे घेतली. "हो."

"सगळी? तीन दिवसांची?"

"सगळी."

"अगंबाई!" हिल्डा म्हणाली. "हे होतं होय सरप्राइज?"

ह्युबर्टनं मान हलवली.

"चोवीस वर्षांत पहिल्यांदा, न सांगता." तिनं त्याचा हात चाचपून धरला. "मोठंच झालं की मग. बर्फापेक्षा मोठं."

तिचा हात पुन्हा सैल पडला तसा तो उठून स्वयंपाकघरात गेला. सिंक तीन दिवसांच्या भांड्यांनी गच्च भरलं होतं. पेजेचं पातेलं तर खालून पार लागलेलं. त्यानं बाटलीसाठी हात लांब केला आणि त्याला आठवलं. ती मशीनमध्ये गेली होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, कट्ट्यावर, ओंजळभर बर्फ अजून शिल्लक होता. बसत चाललेला, पण होता. ह्युबर्टनं हात बाहेर काढून तो अलगद गोळा केला, काथ्यावर घेतला, नळ अगदी बारीक सोडला, आणि भांड्याला भांडं लागू न देता एकेक भांडं घासायला लागला.