मतांची टोपली आणि तिची पावाची बहीण

मी मतांची टोपली बोलतेय. नवरा लढाईवरून धडधाकट परत आला तर लोकांच्या मतदानासाठी टोपली विणून देईन, असा नवस विबिदियाने सीरिस या धान्याच्या देवीला केला होता. नूमेरियस आला, आणि रोमच्या टायबर नदीकाठच्या वाळुंजाच्या फांद्यांतून माझा जन्म झाला. उरलेल्या फांद्यांतून तिने पाव ठेवायला माझी धाकटी बहीण विणली.

माझा तोरा काय सांगू! मतदानाच्या दिवशी पुरुष मैदानात उभारलेल्या अरुंद लाकडी पुलावरून एकेक करत यायचे, मेणाच्या पाटीवर कोरलेलं मत माझ्यात टाकायचे. मोठमोठे सरदार माझ्या पोटाकडे आशेने बघायचे. मतदान संपलं की मी परत विबिदियाच्या घरी, फळीवर. तिथून बहीण दिसायची आणि हेवा वाटायचा. तिला रोज ऊन पावाचा वास, रोज घरच्यांचे हात. मला वर्षातून कधीतरी.

पुढे त्या हेव्याचा जळफळाट झाला. सेनापतीला जन्मभर सत्ता द्यायची का, याचं मतदान होतं. आदल्या दिवशी त्याचा माणूस दारी आला. "वहिनी, गरिबांना पाव वाटायचेत. टोपली द्या, पुण्य लागेल." विबिदिया भोळी. तिने बहीण दिली.

सकाळी बघते तर बाईसाहेब पुलाच्या तोंडाशीच! भरल्या पोटाने मिरवतायत. लोक तिच्याकडे हसत धावायचे आणि माझ्यात न बघताच पाटी टाकायचे. पावासोबत मिळालेल्या पाटीवर 'हो' आधीच कोरलेलं होतं.

नूमेरियसने पाव घेतला नाही.

"काका, पाटी तयार आहे. कशाला त्रास घेता?" सेनापतीचा माणूस म्हणाला.

"आयतं जेवण चालतं रे बाबा. आयतं मत घशाखाली उतरत नाही." त्याने अंगठ्याने मेणावरचं 'हो' पुसलं आणि नखाने 'नाही' कोरून पाटी माझ्यात टाकली.

"उतरवा रे या म्हाताऱ्याला खाली!" तो माणूस गरजला.

धक्का बसला. तो पुलावरून पडला, पाय मोडला. मोजणाऱ्याने त्याची पाटी काढून पायाखाली टाकली आणि ओरडला, "सगळे 'हो'!"

मग मतदानंच बंद झाली, मला कुणी बोलावलंच नाही. बहिणीसाठी मात्र तोच माणूस पुन्हा आला. "या खेपेला तुमच्या घरालाही पाव."

"उद्या सांगते," विबिदिया म्हणाली.

संध्याकाळी तिने मला चुलीपुढे ठेवलं. नवऱ्याला आणि लेकुरवाळ्या सुनेला, ऑपियाला, एकेक पाटी दिली, एक स्वतः घेतली.

"सासूबाई, आम्हा बायकांना कुठलं मत?"

"या घरात आहे. धर."

बायकांच्या हातच्या पाट्या माझ्यात पहिल्यांदाच पडल्या. दोन 'नको', एक 'द्या'. बहिणीच्या बाजूचं ते एक मत! वाटलं, फटीतून चुलीत सोडून द्यावं. पण विबिदियाने तीही पाटी उचलली आणि मोठ्याने वाचली, "एक, द्या."

नूमेरियस म्हणाला, "सूनबाई, घाबरू नकोस. का ते सांग."

"बाळ भुकेने रडतं, मामंजी."

टोपली द्यायची नाही, हेच ठरलं. पण त्या दिवसापासून नूमेरियसची अर्धी पेज बाळाच्या वाटीत जाते.

बहिणीवर मी अजून जळते. पण आता चुलीपुढे का होईना, माझ्यातही अधूनमधून पाट्या पडतात. देवीच्या कृपेने मैदानातही पडतील. तोवर तुम्हीही घरातलं काही ठरवताना एक टोपली मधोमध ठेवा. सगळ्यांना पाटी द्या, सुनेलाही. आणि विरुद्ध मत एकच निघालं, तर तेही मोठ्याने वाचा.